मिश्र वापर, अमिश्र वस्ती

नगररचनेचा आराखडा हा साहित्यप्रकार नाही, म्हणून त्याची समीक्षा करण्याची जबाबदारी आपल्या समीक्षकांनी कधी घेतली नाही. कादंबरीतला वाडा, कवितेतला पिंपळ, आत्मकथनातली वस्ती यांवर आपल्याकडे पानेच्या पाने लिहिली गेली. परंतु ज्या कागदावर उद्याची वस्ती आखली जाते तो कागद इंजिनिअर, वकील आणि बिल्डर यांच्या हाती सोपवून आपले वाङ्मयीन जग मोकळे झाले. वास्तविक आराखडा हाही एक मजकूरच आहे. त्याला स्वतःची भाषा आहे, त्यात जाणूनबुजून गाळलेल्या जागा आहेत, आणि त्याचा कर्ता कोणाकडे पाहतो व कोणाकडे पाठ फिरवतो हेही त्यात दिसते. प्रस्तुत लेखात मी या मजकुरातला एकच शब्दप्रयोग तपासणार आहे. तो शब्दप्रयोग म्हणजे 'मिश्र वापर', आणि गाव आहे भिवंडी.

मिश्र वापराची गृहयोजना म्हणजे एकाच भूखंडावर खाली दुकाने, मध्ये कचेऱ्या आणि वर राहण्याच्या सदनिका. विसाव्या शतकातल्या नगररचनेने घर आणि काम यांची फारकत केली. नकाशात राहण्याची जागा पिवळी, व्यापाराची निळी, कारखान्याची जांभळी, असे रंग वाटून दिले. पुढे त्याच विद्येतल्या लोकांना हा अतिरेक जाणवू लागला. अमेरिकेत जेन जेकब्स या बाईंनी १९६१ साली आपल्या पुस्तकात दाखवून दिले, की ज्या रस्त्यावर दुकान, घर आणि कारखाना शेजारीशेजारी असतात तो रस्ता दिवसरात्र जागा राहतो, आणि म्हणून अधिक सुरक्षितही असतो. ही कल्पना वाईट नाही. कामावर जाण्यासाठी रोज चार तास घालवणाऱ्या माणसाला तिचे मोल सांगावे लागत नाही. माझा वाद कल्पनेशी नाही. ही कल्पना तपासून मंजूर करताना कोणते प्रश्न विचारले जातात आणि कोणते विचारलेच जात नाहीत, एवढ्यापुरता माझा वाद आहे.

भिवंडीत 'मिश्र वापर' हा नवा शोध म्हणून सांगणे हाच मुळी एक विनोद आहे. हे गाव देशातल्या मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. खाली माग, वर बिऱ्हाड. पुढे सुताचे दुकान, मागे चूल. एकाच गल्लीत मशीद, चहाची टपरी, कांड्या भरणाऱ्या बाया आणि शाळेला निघालेली पोरे, असे हे गाव वाढले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या बंद पडल्या, पण कापडाचा व्यापार बंद पडला नाही. गिरणीतले विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या मागांकडे वळले. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण, ओरिसा येथून आलेला मजूर बारा तासांच्या पाळीवर, मीटरच्या हिशेबाने राबू लागला. त्याच्या जेवणाची सोय 'भिस्सी'त, म्हणजे मजुरांच्या खाणावळीत. झोपण्याची सोय एका खोलीत दहाजणांबरोबर. दिवसपाळीचा उठला की त्याच वळकटीवर रातपाळीचा आडवा होतो. काहींची तर मागांच्या मधल्या फळीवरच. घर आणि काम यांचे याहून अधिक मिश्रण जगातल्या कोणत्याही नगररचनाकाराला सुचलेले नाही.

परंतु नकाशाच्या भाषेत याला 'मिश्र वापर' म्हणत नाहीत. याला 'अनधिकृत', 'दाटीवाटीचा', 'विसंगत भूवापर' म्हणतात. तेच मिश्रण काचेच्या इमारतीत, वाहनतळासकट, लिफ्टसकट आले की त्याला 'आधुनिक' हे विशेषण लागते. वस्तू एकच, नाव कोणाच्या मालकीची आहे त्यावरून ठरते. आपल्या वाचकांना ही रीत ओळखीची आहे. आपल्या भाषेला 'अशुद्ध', आपल्या दैवतांना 'क्षुद्र' आणि आपल्या जेवणाला 'अभक्ष्य' हीच रीत म्हणत आली.

याचा अर्थ गरिबाची दाटी सुंदर आहे, असे मी म्हणतो आहे असा कोणी घेऊ नये. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे भिवंडीतील पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. किमान ३८ माणसे झोपेतच गेली. इमारत १९८४ ची होती, म्हणजे वय अवघे छत्तीस वर्षे. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली, महानगर प्रदेशातल्या पालिकांना जाब विचारला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल दिला. त्यानंतर चौदा महिन्यांनी, २९ एप्रिल २०२३ रोजी, मानकोलीजवळच्या वळपाड्यात दुसरी इमारत पडली. खाली गोदाम आणि वर मजुरांची बिऱ्हाडे, अशी तिची रचना होती. आठ माणसे मेली. नगररचनेच्या व्याख्येने पाहिले तर ही मिश्र वापराचीच इमारत. गोदामातला माल आणि माथ्यावरचे बिऱ्हाड यांचा भार ज्या खांबांवर होता, त्या खांबांची तपासणी झाली असती तर ही माणसे वाचली असती. म्हणून परीक्षण हवे, परवानगी हवी, नियम हवेत. कायदा मोडून बांधलेल्या घराचा पहिला बळी गरीबच असतो, हे विसरून गरिबांची बाजू घेता येत नाही.

मग प्रश्न असा, की हे परीक्षण कसे होते? महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो आणि नागरिकांना हरकती व सूचना देण्यासाठी तीस दिवस मिळतात. कलम २८ प्रमाणे नियोजन समिती त्यावर सुनावणी घेते. सामान्य माणसाला बोलण्याची जागा एवढीच. एकदा आराखडा मंजूर झाला, की पुढे एखाद्या भूखंडावर उभ्या राहणाऱ्या योजनेचा अर्ज कलम ४४ खाली जातो आणि परवानगी कलम ४५ खाली मिळते. हा व्यवहार अर्जदार आणि प्राधिकरण या दोघांतला असतो. शेजारच्या वस्तीला त्यात कोणी पक्षकार मानत नाही. प्राधिकरणाने साठ दिवसांत उत्तर दिले नाही, तर नियमात बसणाऱ्या बांधकामाला परवानगी मिळाली असे धरण्याची सोयही याच कलमात आहे. सरकारचे मौन बिल्डरच्या उपयोगी पडते. वस्तीतल्या माणसाने तीस दिवस मौन पाळले, तर त्याचा हक्कच संपतो.

मोठ्या योजनांना पर्यावरणाची मंजुरी लागते. २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असेल, तर २००६ ची केंद्र सरकारची अधिसूचना लागू होते. धरण, खाण, कारखाना यांच्यासाठी त्या अधिसूचनेत जनसुनावणी आहे. इमारती आणि नगरवसाहती यांना मात्र तिने जनसुनावणीतून वगळले. सांडपाणी किती, झाडे किती, गाड्या किती, वीज किती, हे सारे मोजायचे. माणसांना मात्र विचारायचे नाही. अशा अहवालांतली 'सामाजिक परिणाम' या मथळ्याखालची पाने मी उत्सुकतेने वाचत आलो आहे. योजनेमुळे रोजगार वाढेल आणि परिसराचे राहणीमान उंचावेल, एवढीच दोन वाक्ये बहुधा हाती लागतात. रोजगार कोणता, कोणाला, आणि तो करणारा रात्री कुठे झोपणार, याचा उल्लेख नसतो.

नियमावलीतही हेच. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाने मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळून उरलेल्या महाराष्ट्रासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली. राहत्या विभागात दुकान चालेल की नाही, किती चालेल, हे या नियमांत बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून ठरते. मोजपट्टीला जात नसते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु रस्त्याला इतिहास असतो. कोणाची वस्ती नऊ मीटरच्या रस्त्यावर आली आणि कोणाची दोन हात रुंदीच्या बोळात राहिली, हे मोजपट्टीने ठरवलेले नाही; ते जमीन कोणाकडे होती यावरून ठरले. बोळातल्या बाईने खोलीच्या तोंडाशी पिठाची चक्की टाकली तर तिने नियम मोडला. हमरस्त्यावरच्या योजनेत तळमजल्यावर मॉल आला तर तो नियमाप्रमाणे. भेदाचा हेतू कोणाच्याच मनात नसतानाही भेद घडू शकतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता एका आकड्याकडे वळतो, कारण या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा त्या आकड्यात आहे. मोठ्या गृहयोजनेत गरिबांसाठीही काही घरे असली पाहिजेत, हे तत्त्व शासनाने २०१३ मध्ये नियमात आणले आणि २०२० च्या नियमावलीत ते कायम ठेवले. ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या योजनेत मूळ चटईक्षेत्राच्या किमान २० टक्के इतकी छोटी घरे आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी बांधायची, असा तो नियम. या घरांचे लाभार्थी म्हाडाच्या सोडतीतून ठरतात, आणि म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के, अनुसूचित जमातींसाठी ६ टक्के, भटक्या जमाती आणि विमुक्त जमाती यांच्यासाठी प्रत्येकी दीड टक्का घरे राखीव असतात. म्हणजे खाजगी बिल्डरच्या आवारात दलित माणसाला हक्काने पाऊल टाकता येईल अशी ही एकुलती एक वाट. परंतु तिला एक अट जोडली होती. ज्या महानगरपालिकेची लोकसंख्या जनगणनेप्रमाणे १० लाख किंवा त्याहून अधिक, तिथेच हा नियम लागू.

२०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेची लोकसंख्या ७ लाख ९ हजारांच्या आसपास नोंदली गेली. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे पुढे वर्षानुवर्षे तोच आकडा कागदावर राहिला. शेजारच्या ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत जो नियम बिल्डरला बांधून ठेवतो, तो भिवंडीच्या वेशीवर येऊन थांबला. हंगामी मजूर मोजणाऱ्याच्या हाती लागत नाही; तो मोजला गेला नाही म्हणून शहर छोटे; शहर छोटे म्हणून त्याच्यासाठी घर नाही. मजुरांनी भरलेल्या गावात मजुरांच्या घरांचा नियम नाही, आणि हे कोणत्याही परीक्षणाच्या कागदावर उणीव म्हणून नोंदले जात नाही. कारण परीक्षण नियम पाळला की नाही एवढेच पाहते. जो नियम लागूच नाही, तो मोडलाही जात नाही. अशी १०० घरे झाली असती तर त्यातली ११ अनुसूचित जातींच्या कुटुंबांना मिळाली असती. ती नाकारली, असे कोणालाही म्हणता येणार नाही. ती कागदावर जन्मालाच आली नाहीत.

इकडे जमिनीचे भाव मात्र थांबलेले नाहीत. भिवंडीभोवतीच्या ६० गावांसाठी २००७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले गेले. मानकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या गावांच्या शेतांवर गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. १८ डिसेंबर २०१८ रोजी ठाणे-भिवंडी-कल्याण या सुमारे २५ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन झाले. मेट्रोच्या नावाने जाहिराती आल्या, आणि त्या जाहिरातींत 'राहा तिथेच काम करा' ही घोषणा आली. गोदामात पाठीवर गोणी वाहणाऱ्या हमालाला ही घोषणा ऐकवावी, असे कोणाच्या मनात आले नाही. तो तर कधीचाच काम करतो तिथे राहतो, आणि वळपाड्यात त्याचीच माणसे मेली.

इथवरचा मुद्दा गरिबीचा आहे, जातीचा नाही, असे आपल्यातलेच काही मित्र म्हणतील. त्यांच्यासाठी गिरणीचा दाखला देतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो अस्पृश्य कामगार होते, परंतु साळखात्यात त्यांना मज्जाव होता. धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण आणि मुसलमान विणकर हाती घेणार नाहीत, हे कारण. जास्त मजुरीचे खाते तेच होते. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. गिरणी ही त्या काळची सर्वांत आधुनिक जागा होती. एकाच छपराखाली सगळ्या जातींचे लोक काम करीत. म्हणजे मिश्रण पुरेपूर होते. तरीही एका धोट्याने भिंत उभी केली. यंत्र आले, वीज आली, छप्पर एक झाले म्हणून माणसे एक होत नाहीत. नव्या योजनेत खाली दुकान आणि वर घर आले म्हणून ती आपोआप होतील, असे मानायला आधार नाही. त्या आवारात झाडूवाला, गटार उपसणारा आणि पहारेकरी लागणार आहेतच. त्यांना मागचे दार असणार आहे. योजना त्यांच्या श्रमाचा वापर करते, त्यांच्या शेजाराचा नाही.

खरे पाहता आपला गावगाडा ही या देशातली सर्वांत जुनी मिश्र वापराची योजना आहे. शेत, बाजार, देऊळ, चावडी आणि कारागिरांची कामे, सारे एका वेशीत. महाराचे काम गावात, मांगाचे काम गावात, चांभाराचे काम गावात. घरे मात्र गावकुसाबाहेर. श्रम आत आणि घर बाहेर, हे तिचे मुख्य कलम होते आणि ते कोणत्याही नकाशाशिवाय शतकानुशतके पाळले गेले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना कठोर शब्दांत उत्तर दिले, त्यामागे हा अनुभव होता. शहरात गेलो की हे कलम सुटेल, या आशेने आपली माणसे शहरात आली.

सुटले का? बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. त्यातल्या शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीवर उधन्याला जातो आणि खोली मिळावी म्हणून जात लपवतो. नोकरी सरकारी, शहर औद्योगिक, पगार नियमित, तरीही छपरासाठी चोरी करावी लागते. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईतला कावाखाना आहे. एका छपराखाली पोटमाळे आणि आडोसे करून राहणारी कुटुंबे आहेत, आणि त्याच जागेत चालणारे पोटापाण्याचे उद्योगही आहेत. मराठी समीक्षेने या पुस्तकांना 'वेदनेचे साहित्य' म्हणून एका कप्प्यात घातले. मी त्यांना नगररचनेचे परीक्षणही म्हणतो. जे प्रश्न नगररचना खात्याने विचारले नाहीत ते या लेखकांनी विचारले: खोली कोण देतो, कोणाला देतो, नाव विचारून देतो की पैसे पाहून? ही पुस्तके नगररचनेच्या अभ्यासक्रमात लावली पाहिजेत, असे मी गंभीरपणे सुचवतो.

हा भूतकाळ आहे, असे समजणाऱ्यांसाठी २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांसाठी सवर्ण, दलित आणि मुसलमान अशा तीन प्रकारच्या नावांनी चौकशा करविल्या. सवर्ण नावाला घर मिळत गेले. दलितांना नकार मिळाले, मुसलमानांना त्याहून अधिक. भिवंडीत, जिथे १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी शेजार तोडले, तिथे 'सुरक्षित परिसर', 'कुटुंबवत्सल सोसायटी', 'शाकाहारी वातावरण' या जाहिरातीतल्या शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको. या शब्दांनी दोन माणसे एकाच वेळी दाराबाहेर राहतात. त्यांनी एकमेकांकडे पाहावे, अशी माझी इच्छा आहे.

कायदा काय म्हणतो? १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम २३ मध्ये पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू नये असे म्हटले आहे. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरविला. ते प्रकरण पारशांसारख्या छोट्या समाजाचे होते, हे मान्य. परंतु त्या निकालाचा आडोसा घेऊन बलिष्ठ जातींनी आपापली कुंपणे घातली, तर त्यांना अडवायला नगररचनेच्या परीक्षणात एकही ओळ नाही. वाहन कुठे उभे राहील याचे कोष्टक असते. माणूस कोणत्या कारणाने नाकारता येणार नाही याचे नसते.

२०२० च्या त्याच डिसेंबर महिन्यात, नव्या नियमावलीनंतर थोड्याच दिवसांत, राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा या नावांऐवजी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यायची. निर्णय स्वागतार्ह आहे. पण एकाच महिन्यात शासनाने एका हाताने वस्तीची पाटी बदलली आणि दुसऱ्या हाताने इमारतींचे नियम लिहिले. आणि दोन्ही कागदांत, समतानगरातला माणूस समोरच्या संकुलात शेजारी म्हणून राहायला जाईल कसा, हा प्रश्न कुठेच आला नाही. पाटी बदलल्याचा आनंद आपण साजरा केला. नियमावली किती जणांनी उघडून पाहिली?

या सगळ्या विवेचनावर एक आक्षेप आपल्याच गोटातून येईल आणि तो वजनदार आहे. बाबासाहेबांनीच वेगळ्या वसाहतींची मागणी केली होती ना? १९४२ च्या नागपूर परिषदेत ती झाली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी तिला घटनात्मक रूप दिले. मग सवर्णांच्या शेजारात शिरण्याचा हा हट्ट कशासाठी? माझे उत्तर असे. बाबासाहेबांची वेगळी वसाहत जमिनीसकट होती. पडीक सरकारी जमीन आमच्या हाती द्या, तिच्यावर आमची उपजीविका उभी राहू द्या, म्हणजे गावाच्या दारात आम्हाला जावे लागणार नाही, हा तिचा गाभा होता. ती पराधीनतेतून बाहेर पडण्याची योजना होती. आज जे वेगळेपण वाट्याला येते ते जमिनीशिवायचे आहे. वेगळी इमारत, वेगळे फाटक, आणि पोटासाठी पुन्हा समोरच्याच आवारात झाडू. यात बाबासाहेबांच्या मागणीचे काहीही नाही. यात गावकूस आहे. स्वतंत्र जमीन द्या किंवा समान शेजार द्या. दोन्ही नाकारून वर 'मिश्र' म्हणू नका.

म्हणून माझे म्हणणे चार मागण्यांत मांडतो. पहिली: मिश्र वापराच्या प्रत्येक मोठ्या योजनेच्या परीक्षणात, तिथे काम करणारा शेवटच्या पगाराचा माणूस कुठे राहणार, याचे उत्तर नकाशासह मागितले जावे. दुसरी: गरिबांच्या घरांच्या नियमाला शहराच्या लोकसंख्येची अट असू नये, असली तर स्थलांतरित मजूर मोजल्याशिवाय ती लावू नये. तिसरी: ही घरे वेगळ्या फाटकाआड न ठेवता त्याच आवारात, त्याच रस्त्यावर असावीत, आणि घराची विक्री वा भाडेकरार जात-धर्मावरून नाकारला जाणार नाही ही परवानगीचीच अट असावी. चौथी: इमारती आणि वसाहती यांना जनसुनावणीतून दिलेली सूट रद्द व्हावी, नोटीस मराठीत, उर्दूत, हिंदीत आणि तेलुगूत, वस्तीच्या चौकात लागावी. गॅझेटात छापलेली नोटीस मागावरच्या मजुराने वाचावी, ही अपेक्षा थट्टेची आहे.

या मागण्या मान्य होईपर्यंत वाट पाहण्याचीही गरज नाही. हरकत घ्यायला वकील लागत नाही. साधा कागद, सही आणि मुदतीतली तारीख पुरते. शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला आपल्या गावाचा विकास आराखडा भिंतीवर लावावा आणि मुलांना त्यात आपली गल्ली शोधायला सांगावी. बऱ्याच मुलांना ती सापडणार नाही. तिथूनच शिकवायला सुरुवात होईल. विद्यार्थ्यांनी नियमावलीतल्या कलमांचे सोप्या मराठीत टिपण करून वस्तीत वाचून दाखवावे. कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीबरोबर हरकतींचे अर्जही दारोदार न्यावेत, आणि ते नेताना यंत्रमागाच्या गल्लीही वगळू नयेत. पुढचा प्रारूप आराखडा जेव्हा प्रसिद्ध होईल, तेव्हा त्या तीस दिवसांत भिवंडीच्या भिस्सीतून, भीमनगरातून आणि गोदामांच्या मागच्या खोल्यांतून आलेल्या हरकतींनी नियोजन समितीचे टेबल भरले पाहिजे. समिती त्या फेटाळेलही. पण फेटाळताना तिला कारण लिहावे लागेल, आणि आजवर न विचारलेला प्रश्न सरकारी दप्तरात पहिल्यांदा नोंदला जाईल.